शहाड ते कोळीवाडा, हरवलेल्या मोगलांच्या मागावर

तेराव्याला ह्यांचे कपडे, चपला, छत्री देऊन झालं आणि माझ्या जावेने त्याच झपाट्यात मोगलही शहाडच्या भंगारवाल्याला देऊन टाकले. मोगल म्हणजे शिशाचे, बोटाच्या पेराएवढे. आमचे हे ओतकामाच्या कारखान्यात होते. घरीच साचे करून शिपाई ओतायचे, मी पगड्या रंगवायची. दर रविवारी डोंबिवलीच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर लढाई. पट्टीने मोजून चाल, फासा टाकून मारामारी. माझे मावळे, ह्यांचे मोगल.

जाऊ म्हणाली, "मावळे कसे देणार? महाराजांची माणसं ती. पण ते मोगल घरात कशाला?"

"माझ्याशी लढायला," मी म्हटलं. तिला वाटलं, माझं डोकं फिरलं.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. सोमवारी सकाळी मी निघाले. लोक काय, घरी बसले असते तरी बोललेच असते.

कल्याणला उतरून आधी खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. स्टँडसमोर मिसळ खाल्ली. तिखट होती, पण कांदा मोजून घातलेला. गल्ल्यावरचा म्हणाला, "मावशी, बायकांना आत फॅमिली रूम आहे." आत चार खुर्च्या. एकीवर मी, एकीवर पिशवी. उरलेल्या दोघी रिकाम्या, माझ्याकडे बघत होत्या. हॉटेलात एकटीने खायची पहिलीच वेळ. पटापट गिळलं.

शहाडला रिक्षाने गेले. तिथल्या रेयॉनच्या कारखान्याचा वास नाकात बसतो, पदर लावा. भंगारवाला तराजूशेजारी पेपर वाचत होता.

"शिपाई? मावशी, माझ्याकडे शिसं येतं, शिपाई नाही येत."

"अरे, डोकी होती ना त्यांना!"

"वजन करताना डोकी कोण बघतो? ठाण्याला गेलं सगळं. कोळीवाड्यात एक म्हातारी जाळी विणते, तिला लागतं वजनाला."

परत कल्याण, तिथून ठाण्याची एसटी. मागच्या चाकावर बसू नका, शिळफाट्यापर्यंत कंबर राहणार नाही. कळव्याच्या पुलावरून खाडी दिसली. एरवी लोक बघून छान म्हणतात. मी म्हटलं, ह्यांचं निम्मं सैन्य बुडालं असेल इथे.

म्हातारी ओट्यावर, जाळं पायाच्या अंगठ्यात धरून बसलेली. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल.

"शिसं? आटवलं गो सगलं. ह्या बघ गोल्या."

जाळ्याच्या कडेला गोळ्याच गोळ्या. एक हातात घेतली. सुभेदार असेल, नाहीतर घोड्याचं ढुंगण. काय कळणार?

मी तिथेच ओट्यावर बसले. तिने माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि देव्हाऱ्यातून काहीतरी आणलं. मोगल सरदाराचा हत्ती! कपाळावर हळदकुंकू.

"येवढा नाय आटवला. गनपती कसा आटवायचा?"

"गणपती नाही हो, मोगलाचा हत्ती आहे."

"आसंल. मना काय ठाव? कोनी केलेला?"

"आमच्या ह्यांनी. गेले ते, तीन आठवडे झाले."

"मंग ने. देव मी दुसरा आनीन. तू दादला कुठशी आनशील?"

माझ्यासारखीच तिखट बाई. तिच्याकडून सुके बोंबील घेतले, चांगले निघाले.

शिशाची जुनी सैन्यं शोधायला निघणाऱ्यांना एवढंच सांगते, तेराव्याच्या आत निघा. नंतर अख्खं सैन्य मिळत नाही, आणि एखादा मिळालाच तर त्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

संध्याकाळी टेबल पुसलं. एका बाजूला साठ मावळे मांडले, दुसऱ्या बाजूला हत्ती. कुंकू तसंच ठेवलं. आमच्या खेळात पहिली चाल मोगलांची. पट्टी आणि फासा त्यांच्या बाजूला सरकवला आणि समोर बसले. शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या, खालचा नळ येऊन गेला. हत्ती जागचा हलला नाही. हात लांब करून मीच त्याला पुढे सरकवला असता तर लढाई सुरू झाली असती. पण दुसऱ्याची चाल आपण खेळायची नाही, हा ह्यांचाच नियम.

मी भात लावायला उठले.