अंबाडीजवळची पिठाची शेड

गेल्या महिन्यात एक विक्रेता माझ्या कल्याणच्या स्वयंपाकघरात आंबवलेल्या हरभऱ्याच्या पिठाची पुडी ठेवून गेला. मी दोन पाळणाघरांना खाऊ पुरवते. "मीठ कमी लागतं, मुलांना पचतं, शिवाय डाळमिलमधली फुटक्या डाळीची चुरी वाया जात नाही," तो म्हणाला. चुरी म्हणजे झाडून गोळा केलेला कचरा तर नव्हे? एका पुडीत इतके गुण मावत नाहीत. पुडीवर अंबाडीजवळच्या शेडचा पत्ता होता. न कळवता जाऊन बघायचं ठरवलं.

तुम्हीही त्या बाजूला जाणार असाल, तर सकाळी आठच्या आत निघा. नंतर भिवंडीच्या गोदामांकडे वळणारे कंटेनर रस्ता अडवून बसतात. भिवंडीपर्यंत रिक्षा, पुढे वाड्याची एसटी, बायकांना अर्धं तिकीट. खड्डे आहेत, मागची सीट टाळा. अंबाडी नाक्यावर वडा-उसळ झकास मिळाली. हॉटेलवाल्याला शेडबद्दल विचारलं.

"ती वासाची? दारू काढतान म्हणं. खरं हाय का न्हाय, देव जाणे."

झालं! माझा संशय दुप्पट.

सुपरवायझर नितीनने आधी फाटकावरच टाळलं, पण कायमची ऑर्डर म्हटल्यावर हसत आत नेलं. वाफवलेली डाळ ट्रेमध्ये पसरलेली, वर पांढरी मऊ बुरशी. "ही चांगली बुरशी, मॅडम. हिनेच डाळ आंबते." चुरीची पोती मी उघडायला लावली. स्वच्छ निघाली. पण पुढची चार पोती स्वच्छ ठेवणं काय अवघड?

तेवढ्यात तिथे कामाला असलेल्या मथुराकाकूंनी दोन ट्रे हुंगले. "ह्यो माल न्हाय जायाचा. कुजका वास हाय."

"काकू, संध्याकाळची ऑर्डर आहे," नितीन हळूच म्हणाला. "चांगल्यात मिक्स करू."

"मंग आधी तुझ्या पोराला चार."

नितीनचा चेहरा उतरला. "टाका फेकून."

मला वाटलं, हे नाटक माझ्यासाठीच. निरोप घेतला आणि शेडमागच्या टपरीवर चहा घेत तासभर बसले. शेवटी मागच्या दाराने काकू आल्या. दोन्ही ट्रे खतखड्ड्यात उलटे केले, वर माती लोटली. मग त्यांना मी दिसले.

"अजून हायस? बघायला बसलीस ना?"

"हो," मी ओशाळून म्हणाले.

"बरा केलास. कोण येत न्हाय बघायला."

"तुम्ही सुट्टीवर असता तेव्हा?"

त्यांनी हात झटकले. "तवाचं मना न्हाय ठावं."

निघताना काकूंनी तपासलेल्या मालातलं दोन किलो पीठ मी विकत घेतलं. घरी आठ दिवस आम्ही दोघांनीच त्याची थालीपिठं खाल्ली. मीठ खरंच कमी लागलं, पोटंही ठीक राहिली. नवऱ्याने तर आणखी मागितली. मग पाळणाघरांना द्यायला लागले.

पण दर ऑर्डरआधी फोन करून विचारते, माल कोणी तपासला. गेल्या आठवड्यात नितीन म्हणाला, काकू गावाला गेल्यात, पण माल एकदम ओके आहे.

त्या दिवशी मी साधं बेसन मळलं.