आईनं बंद ठेवलेले हीटर

आमच्या घरात काहीही वाढलं किंवा संपलं की मी आधी माणूस शोधते. दूध लवकर संपलं, गाडीतलं पेट्रोल उतरलं, बिल फुगलं, की ‘कोणी केलं?’ हा माझा पहिला प्रश्न. नवरा म्हणतो, हा तुझ्या नोकरीचा परिणाम आहे. शॉमबर्गमधल्या एका ऑफिसात मी बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासायची आणि स्वतःच्या घरचं बिल ऑटो-पेवर टाकून विसरून जायचं, असा माझा कारभार. त्यातून जे घडलं ते मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही.

बाबा गेल्यावर आई नागपूरला एकटी राहत होती. मी तेव्हा नुकतीच सिटिझन झाले होते, त्यामुळे तिचं ग्रीन कार्ड करून तिला कायमचं आमच्याकडे आणणं शक्य होतं. मी फोनवर रोज तोच धोशा लावायचे. शेवटी ती म्हणाली, “एक हिवाळा काढून पाहते तिथे. जमलं तर राहीन, नाही तर नाही.” ऑक्टोबरमध्ये ती आली. त्या हिवाळ्यावर सगळं ठरणार होतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

पहिले दोन महिने मजेत गेले. आई दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात शिरली, डबे हलवले, माझ्या मसाल्यांना नावं ठेवली. तिला गुडघ्याचं आणि बोटांच्या सांध्यांचं दुखणं आहे, पण आमचं घर गरम असायचं त्यामुळे ती खुशीत होती. आमचा कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, जुना आहे. तिथे सगळं घर तापवणारी गॅसची भट्टी नाही. प्रत्येक खोलीत खिडकीखाली विजेचा लांबट हीटर आणि भिंतीवर त्याचं गोल बटण. आम्ही दोघं ऑफिसला गेलो की आई स्वतःच्या मर्जीनं बटणं फिरवायची. ती मला सांगायची, “इथल्या थंडीची उगाच बदनामी केली लोकांनी.” मी मनात ग्रीन कार्डचे फॉर्म भरायला घेतले होते.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी फोनवर बिलाचा निरोप आला. आकडा पाहून मी ओरडलेच. आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या मानानं रक्कम जवळपास दुप्पट होती. नवरा चहा करत होता आणि आई टेबलापाशी मेथी निवडत होती. मी नवऱ्याला म्हणाले, “दिवसभर सगळ्या खोल्यांत हीटर चालू ठेवल्यावर दुसरं काय होणार?”

बोलले त्याच्याशी, पण ऐकवलं कोणाला हे तिघांनाही कळलं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहून डोळे वटारले. आईनं हात पुसले आणि म्हणाली, “दाखव बरं ते बिल.”

इथे आई कोण आहे ते सांगायला हवं. निवृत्त होईपर्यंत ती नागपुरात वीज कार्यालयात बिलाच्या तक्रारींच्या खिडकीवर बसायची. बिल उलटं धरलं तरी ती वाचेल. तिनं माझा फोन डोळ्यांपासून लांब धरला, वर-खाली सरकवला आणि विचारलं, “याच्यात युनिटचा दर कुठे लिहिला असते?”

“आई, दराचा प्रश्नच नाही,” मी म्हणाले. “आमच्या दराला कॅप आहे. म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या वर तो जाऊच शकत नाही. म्हणून तर हा प्लॅन घेतला. बिल वाढलं म्हणजे वापरच वाढला.”

हे मी अगदी आत्मविश्वासानं सांगितलं. आमच्या राज्यात तारा एका कंपनीच्या असतात, पण त्यांतून येणारी वीज हवी तर दुसऱ्या विक्रेत्याकडून घेता येते. आदल्या हिवाळ्याच्या तोंडाशी मॉलमध्ये अशाच एका विक्रेत्याच्या टेबलापाशी मी दोन मिनिटं थांबले होते. तिथल्या हसऱ्या मुलीनं ‘रेट कॅप’ म्हटलं, एक कापडी पिशवी दिली आणि मी टॅबलेटवर बोटानं सही केली. कॅप किती महिन्यांची, हे मी विचारलं नाही. ऑफिसात कोणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

आईनं पुन्हा बिलावरून नजर फिरवली आणि म्हणाली, “म्हणजे इथेही स्लॅब असतील. आपल्याकडे असते ना, शंभर युनिटांपर्यंत एक दर, त्याच्या वर गेलं की महाग. आपण वरच्या स्लॅबमध्ये गेलो असू.”

मी तोवर दुसरा काहीतरी मेसेज वाचत होते. “हो, असेल तसंच काहीतरी,” मी म्हणाले.

तेवढं एक वाक्य. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायला मला लाज वाटत होती असंही नाही. मला फक्त विषय संपवायचा होता.

त्यानंतरचे सहा आठवडे मी डोळे असून आंधळी होते. आईच्या पोळ्या जाड व्हायला लागल्या, कडा फाटायला लागल्या. मग तिनं पोळ्या करणंच सोडलं आणि भात लावायला लागली. मला वाटलं, त्या दिवशीचं बोलणं मनाला लागलं, रुसली आहे. मी तिला समजावायच्या ऐवजी स्वतःच फुगून बसले. दुकानातून तयार पोळ्यांचं पाकीट आणलं आणि मुद्दाम तिच्यासमोर फ्रीजमध्ये ठेवलं. संध्याकाळी मी घरी यायचे तेव्हा घर गरम असायचं, चहाचं आधण चढलेलं असायचं, म्हणून मला शंका आलीच नाही.

फेब्रुवारीचं बिल आलं तेव्हा तिनंच विचारलं, “उतरलं का गं?” ते जवळपास तेवढंच होतं. मी म्हणाले, “कुठलं उतरतंय!” तिनं मान हलवली. त्यात निराशा होती, पण मला ती माझ्या बिलाबद्दलची सहानुभूती वाटली.

एका गुरुवारी दाताच्या डॉक्टरकडून लवकर सुटले आणि भर दुपारी घरी आले. दार उघडलं तर आत बाहेरच्यासारखाच गारठा. तोंडातून वाफ निघत नव्हती एवढंच. मला वाटलं वीज गेली. दिवाणखान्यात खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत आला होता. आईनं खुर्ची बरोबर त्या पट्ट्यात ओढून घेतली होती. अंगात माझा जुना कोट, डोक्याला कानटोपी, पायांवर दुलई आणि हात काखेत. गालिच्यावर खुर्चीच्या पायांचे ठसे ओळीनं उमटले होते. ऊन सरकेल तशी ती रोज खुर्ची सरकवत होती, हे त्यावरून कळत होतं.

मला पाहताच ती दचकून उठली. चोरी पकडली गेल्यावर माणूस उठतो तशी उठली आणि घाईघाईनं भिंतीकडे गेली. “लावते, लावते,” ती म्हणाली. “तुम्ही यायच्या आधी रोज तासभर लावतेच मी. घर गरम होऊन जाते तेवढ्यात. आज तू लवकर आली.”

तिला बटण फिरवता येईना. बोटांचे सांधे सुजून लाल झाले होते. पोळ्या का बंद झाल्या, ते मला तेव्हा कळलं.

“आई, काय करून राहिली तू हे?” माझ्या तोंडून नागपूरचंच वाक्य निघालं.

“अगं, खालच्या स्लॅबमध्ये यायला पाहिजे ना,” ती म्हणाली. “एकदा आलं की दर उतरते. पण इथला स्लॅब फारच खाली दिसते बाप्पा. एवढं करूनही येऊन नाही राहिलं.”

मी सगळ्या खोल्यांतले हीटर लावले, तिला दुलईत गुंडाळलं आणि लॅपटॉप उघडला. इथे स्लॅब नसतात हे तिला दाखवायचं होतं. म्हणजे त्या क्षणीसुद्धा मला तिची चूक दाखवायची होती. त्या दुपारी मी ते बिल पहिल्यांदा पूर्ण वाचलं. पहिल्या पानावर वापराचे खांब असतात, या वर्षीचे आणि मागच्या वर्षीचे शेजारी शेजारी. डिसेंबरचा खांब मागच्या वर्षीइतकाच होता. आई दिवसभर घरी असूनही; मागच्या वर्षी आम्हीच हीटर तसेच चालू टाकून ऑफिसला जायचो. त्यानंतरचा तर बराच खाली आला होता. खालच्या पानावर विजेच्या विक्रेत्याचा दर होता आणि तो मी सही केली होती त्याच्या तिपटीहून जास्त झाला होता. कॅप वर्षभराची होती. नोव्हेंबरात ती संपली आणि दर मोकळा सुटून महिन्यागणिक चढत गेला. तशी सूचना देणारं पत्र ऑक्टोबरात ईमेलवर आलेलं होतं. न उघडलेलं.

म्हणजे आईनं पहिल्याच दिवशी नेमका तोच प्रश्न विचारला होता. आणि माझ्या ‘असेल तसंच काहीतरी’वर विश्वास ठेवून ती ज्या स्लॅबसाठी धडपडत होती, तो अस्तित्वातच नव्हता. तिनं घराचा बर्फ केला असता तरी दर एका पैशानं उतरला नसता. तिच्यामुळे बिल थोडं आवाक्यात राहिलं होतं एवढंच, आणि मी वर तिलाच ‘कुठलं उतरतंय’ म्हणाले होते.

मला ढसढसा रडायला यायला हवं होतं. मला राग आला. मी विक्रेत्याच्या ऑफिसात फोन लावला आणि जी बाई फोनवर आली तिला धारेवर धरलं. तुम्ही लोकांना फसवता, माझी म्हातारी आई थंडीत बसली, वगैरे वगैरे. ती बिचारी पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होती. आईनं दुलईतून हात बाहेर काढून माझ्या दंडावर ठेवला.

“तिच्यावर कशाला ओरडून राहिली? ती खिडकीवर बसली आहे फक्त,” ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, “पत्र तर आलं होतं ना तुला?”

मी फोनवर प्लॅन कॅन्सल केला. पुढच्या रीडिंगपासून आम्ही तारांच्या कंपनीच्या साध्या दरावर परत येणार होतो. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम होतं. फोन ठेवल्यावर मी आईला म्हणाले, “झालं. आता पाहिजे तेवढे हीटर लाव. कसलीच काळजी करू नको.” त्या फोनवरच्या बाईनं मला चार वेळा सॉरी म्हटलं होतं. मी आईला एकदाही म्हटलं नाही. जीभ वळलीच नाही. तिच्या बोटांना तेल चोळून दिलं, रात्री तिच्या आवडीचं वरणफळं केली, आणि तेवढ्यावर ते भागलं असं स्वतःला समजावलं.

पण त्या दिवसानंतर आई विचारायला लागली. “हीटर लावू का?” “गरम पाणी घेऊ का?” “दिवा राहू देऊ का?” आधी हीच बाई माझ्या फ्रीजमधलं शिळं माझ्यासमोर फेकून द्यायची. मी चिडून म्हणायचे, “विचारतेस काय, घर तुझंच आहे!” ती “हो ना” म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी परत विचारायची. मला ते सहन होत नव्हतं आणि थांबवताही येत नव्हतं. तिच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. ती नुसती काळजी घेत होती, पाहुण्यानं यजमानाकडे घ्यावी तशी.

मार्चच्या शेवटी तिनं सांगितलं की ती नागपूरलाच राहील. कारण विचारलं तर म्हणाली, इथली थंडी सोसवत नाही. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी लगेच मान डोलावली. “खरंय हो, या वयात हा हिवाळा नकोच,” असं म्हणाल्या. नवराही म्हणाला, तब्येतीपुढे काय करणार. सगळ्यांना ते पटलं. ती थंडी बाहेरची नव्हती, हे फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले. आईनं माझी बाजू सांभाळली आणि मी ती सांभाळू दिली.

विमानतळावर सामान चढवून झाल्यावर मी तिला मिठी मारली आणि म्हणाले, पुन्हा ये, लवकर ये. ‘सॉरी’ तेव्हाही ओठांवर आलं होतं, पण तिथेच राहिलं. तिनं माझे केस मागे सारले आणि नीट विचार करून म्हणाली, “आता उन्हाळ्यात बोलावजो. मला एसी लागत नाही. महाग नाही पडणार मी तुला.”

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.