कुरडूला लहान डबा

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी बायकोला सोनं दिलं नाही, शब्द दिला: नवी वनस्पती शोधीन आणि तिला तुझं नाव देईन. ऐंशीच्या दशकाअखेर मी जळगावला वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होतो. सोन्यापेक्षा शब्द परवडायचा.

वनस्पती सापडलीही. तोरणमाळच्या मुरमाड उतारावर, वीतभर उंचीचा कुरडू. आमच्याकडे काळ्या रानात हे तण कपाशीत कमरेइतकं वाढतं, निंदून निंदून बायांचे हात भरून येतात. मी ठरवूनच टाकलं, हा वेगळा.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "दोन्हींचं बी एकाच मातीत लाव. तिथंही फरक राहिला तर तो बियाण्याचा. नाहीतर जमिनीचा."

अंगणात तेच केलं. माती एक, पाणी एक. रानातल्या कुरडूला तेलाचे मोठे डबे, डोंगरातल्याला चहापत्तीचे. जीव एवढासा, त्याला जागा कशाला मोठी? भाद्रपदात डोंगरातला वीतभरच राहिला आणि मी पेढे आणले.

बायको धुळ्याची. पेढा तोंडात टाकून डब्यांकडे बघत म्हणाली, "धाकलाले धाकलाच डबा दिधा, मंग तो मोठा कसा व्हई?"

मी पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला. ज्याला लहान मानलं त्याला लहान ठेवायची सगळी व्यवस्था करून वर मी मोजपट्टी लावली होती. माणसांच्या बाबतीत आपण हे सर्रास करतो. मी तणालाही सोडलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात सगळ्यांना सारखे डबे. डोंगरातला सरसर वाढला, रानातल्याच्या खांद्याला लागला. फुलला मात्र आधी. रानातला अजून पानंच काढत होता, तेव्हा याचे गुलाबी तुरे वर. मुरमात ओल टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी घाई केली त्यांचंच बी मागे उरलं असावं. उंची बरीचशी जमिनीची होती. घाई बियाण्यातून आलेली, ती मोठ्या डब्यातही सुटली नाही.

सर खूश झाले. "हे लिही. पण हा कुरडूच."

घरी येऊन खालमानेनं सांगितलं, "तुझं नाव नाही लागत गं त्याला."

"राहू द्या," ती म्हणाली. "आधी रेशनकार्डावर लावा. लग्नाला तिसरं वर्ष लागलं, साखर अजून तुमच्या एकट्याचीच येते."

दुसऱ्या दिवशी मी तहसील कचेरीत रांगेत उभा होतो.