अर्ध्या मैदानाचे सर

आमच्या तालुक्यात बास्केटबॉल ज्यांच्यामुळे आला आणि ज्यांच्यामुळेच आम्ही त्यात कधी जिंकलो नाही, असे गृहस्थ एकच. ते म्हणजे आमचे कॉलेजचे सर. हे वाक्य मी आजवर कुठेही, कोणासमोरही बोलत आलो आहे, आणि ते पुराव्यानिशी बोलतो, कारण त्या संघाचा गुणलेखक मीच होतो. संघनिवडीच्या दिवशी सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्याला त्यांना फारसा वेळ लागला नाही, आणि विचारलं, "गणित कसं हाय?" मी म्हटलं, "चांगलं आहे." "मग बाकावर बस आणि लिही." तेव्हापासून मी बसून लिहितोच आहे. तेव्हा गुण लिहीत होतो, आता एका पतसंस्थेत हिशेब तपासतो. आकडा चुकलेला मला सोसत नाही, आणि विशेषण वाढवलेलं तर त्याहून नाही.

सर मूळचे कुस्तीचे. कॉलेजला बास्केटबॉलच्या मैदानासाठी अनुदान मिळालं तेव्हा प्राचार्यांनी त्यांना बोलावून "आता हा खेळ शिकवा" असं सांगितलं आणि सरांनी तो लगेच शिकवायला घेतला. स्वतः शिकण्याच्या आधीच. त्यामुळे काही नियम त्यांना शेवटपर्यंत पटले नाहीत. समोरच्यांच्या रिंगखाली आखलेल्या चौकटीत खेळाडूने तीन सेकंदांहून जास्त रेंगाळू नये, हा त्यातला एक. पंचाने त्यासाठी शिट्टी मारली की सर बाकावरून उठून विचारायचे, "पोरगं जरा टेकलं तर तुमचं काय जातंय? विकत घेतली का ती जागा?" त्यांच्या स्वतःच्या गळ्यातही एक शिट्टी असे, पण तिच्यातला दाणा फार पूर्वीच हरवलेला होता. ती फुंकली की नुसतं फुस्स व्हायचं. ते फुस्स ओळखायला आमची पोरं इतकी सरावली होती की स्पर्धेत पंचाची खरी शिट्टी वाजली तरी ती खेळतच राहायची. मे महिन्यातही अंगात स्वेटर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि ते पांढरे दिसावेत म्हणून त्यांना वर्गातला खडू फासलेला. सर धावले की मागे थोडी धूळ आणि थोडा खडू उडायचा.

खेळाडू निवडायची त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ते लग्नांना जायचे. ओळखीच्या जायचे, बिनओळखीच्याही जायचे. मंडपाच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि आत येताना तोरणाखाली जो वाकेल त्याला हेरून ठेवायचे. जेवणाच्या पंगतीत त्याच्याशेजारी बसून त्याच्या बापाचं नाव, गाव आणि कोणत्या वर्षाला आहे ते काढून घ्यायचे. आमचा कप्तान असाच सापडला. फक्त तो पाहुणा नव्हता, नवरदेव होता. बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना घरच्यांनी त्याचं लग्न लावलं आणि मुंडावळ्यांसकट तो तोरणाला अडकला. अक्षता टाकायला सर स्टेजवर चढले आणि त्याच्या कानात म्हणाले, "सोमवारी सकाळी सहाला मैदानावर. उशीर नको." तो गेलाही. वहिनी अजून म्हणतात, "माझ्या लग्नात माहेरचं माणूस हरवलं न्हाई, नवराच हरवला."

शिकवताना सरांची भाषा घरातली असायची. पास जोरात फेकलेला त्यांना खपत नसे. "बॉल हाय का ढेकूळ? पंगतीत भाकरी वाढावी तसा दे. समोरच्याचा हात फुडं आला की मगच सोड." त्यामुळे आमच्या संघात पासला भाकरी असंच नाव पडलं. नगरच्या स्पर्धांमध्ये आमची पाचही पोरं "भाकरी, भाकरी" ओरडत पळायची आणि प्रेक्षकांतून कोणीतरी हमखास विचारायचं, "ह्यांना जेवू घातलं न्हाई का?" ते त्यांनी सरांना विचारण्याचं कारण नव्हतं, कारण सर स्वतःही तेच विचारायचे. मध्ये एक मिनिट खेळ थांबवून कोच लोक पोरांना डावपेच सांगतात. आमची पोरं घामाघूम होऊन सरांभोवती जमली की सर एकेकाला विचारायचे, "जेवलास का?" ते झालं की मिनिट संपलेलं असायचं.

आता हरण्याचं कारण. कॉलेजची जमीन ज्या शेतकऱ्याने दान दिली त्याची एक अट होती. सुगीत त्याचं धान्य कॉलेजच्या पक्क्या जागेवर वाळवू द्यायचं. पक्की जागा म्हणजे आमचं मैदान. रस्त्याकडच्या अर्ध्या भागात त्याची बाजरी पडायची, आम्ही उरलेल्या अर्ध्यात एका रिंगवर खेळायचो. इथवर ठीक. पण पुढच्या वर्षी त्या अर्ध्यात आणखी दोन घरांची बाजरी आली, मग मका आला, मग कोणाची तूर, कोणाचा हरभरा. सर हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत राहिले. बॉल त्या बाजूला गेला तर बूट काढून, अनवाणी जाऊन आणायचा, असा त्यांचा नियम. एवढंच नाही, तर वाळतं धान्य मधूनमधून पायांनी खालीवर करावं लागतं, तेही ते पोरांकडून करून घ्यायचे. "पाय उचलू नको. घसटत ये. गुडघा वाकव." पोरं ओळीने बाजरीतून पाय ओढत जायची आणि मागे रेघा उमटायच्या.

अशा मैदानावर वाढलेला संघ पूर्ण मैदानावर गेला की काय होतं, ते मी बाकावरून पाहिलं आहे. समोरचे बॉल घेऊन पळाले की आमची पाचही पोरं त्यांच्यामागे सुसाट सुटायची आणि मधल्या रेषेपाशी आली की गपकन थांबायची. पलीकडे धान्य आहे, हे डोकं विसरलं तरी पाय विसरत नव्हते. समोरचे निवांत बॉल टाकून परत यायचे. एकदा तर कप्तान रेषेपाशी पोचला आणि खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागला. पंच धावत आला. "हे काय करतोय हा?" सर बाकावरून म्हणाले, "अन्नाचा मान ठेवतोय. तुमाला न्हाई कळायचं." पाच-सहा मिनिटांत पोरांना भान यायचं, आणि मग मात्र ती अशी गुडघे वाकवून आडवी सरकायची की समोरच्याला वाट मिळत नसे. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. एकच सामना आम्ही जिंकलो. अकोले तालुक्यातला एक संघ घाटात जीप बंद पडल्यामुळे पोचलाच नाही. सरांनी पेढे वाटले. "आले न्हाईत म्हंजी भ्यालेत."

तर अशा माणसाचा यंदा दिवाळीनंतर सत्कार करायचं जुन्या खेळाडूंनी ठरवलं, आणि मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मानपत्र हा प्रकार मला मुळातच आवडत नाही. आपल्याकडे मानपत्रात ज्याला आधारवड म्हटलेलं नाही असा माणूस आता शोधावा लागेल. मी साधा मजकूर लिहून कप्तानाच्या दुकानात वाचायला नेला. त्याचं आता कृषी सेवा केंद्र आहे. खताच्या पोत्यावर बसून त्याने तो ऐकला आणि म्हणाला, "अव्वल दर्जाचे प्रशिक्षक, एवढं टाक त्यात."

"कशावरून?"

"कशावरून म्हंजी? सर हायेत ते."

"सर आहेत हे मान्य. अव्वल कशावरून? आपण हरत होतो."

"पहिली पाच मिनिटं सोडून मोज. मग बघ, निम्मे सामने आपले हुते."

"सामना पहिल्या मिनिटापासून मोजतात. उद्या तुझ्या दुकानातला माल पहिली थप्पी सोडून मोजू का?"

"मोज की. टॅक्स कमी लागंल."

"कप्तान, मैदान सांभाळता आलं नाही त्यांना. लोक येऊन धान्य टाकत राहिले आणि हे बघत राहिले. अव्वल कोच असं करतो का?"

तो पोत्यावरून उठला. त्याचा चेहरा पाहून मला कळलं की हे त्याला लागलं आहे. "माझा बा गेला तवा सर धा दिवस रोज सायकलवर आलते," तो म्हणाला. "त्यांच्या कागदावर तो शब्द पायजे. तुला लिहायचा नसंल तर मी दुसऱ्याकडनं लिहून घेतो." तो कागद फ्रेम करून सरांच्या भिंतीवर लागणार होता आणि खाली माझं नाव राहणार होतं. घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आपल्या लग्नाच्या पत्रिकेत तुमच्या नावामागे चिरंजीव छापलं होतं. तेव्हा कुणी पुरावा मागितला होता का?" पण तेवढ्यावरून मी शब्द लिहीन असं नाही. शेवटी कप्तान आणि मी असं ठरवलं की सरांकडेच जाऊ.

सर आता पुणतांब्याला राहतात, नदीकडच्या अंगाला. आम्ही गेलो तेव्हा अंगणात बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. अंगात स्वेटर होताच. "आलं का पंचमंडळ? जेवलात का?" जेवलो होतो, तरी समोर शेंगा आल्या. कप्तानाने बसल्या बसल्या तक्रार केली.

"सर, ह्यो अव्वल लिहीना."

"बरोबर हाय त्याचं," सर म्हणाले. "त्यो पहिल्यापासनं बरोबरच लिहितोय. म्हणून तर बशिवला त्याला."

"आसं कसं सर? पुरं मैदान मिळालं आसतं तर आपण कुणाला ऐकलं नसतं."

"मिळत हुतं की."

कप्तानाच्या हातातली शेंग हातात राहिली.

"प्राचार्यांनी दोनदा बोलावलं मला. म्हणाले, जमीन देणाऱ्याशी बोलणं झालंय, त्याला पलीकडं दुसरी फरशी करून देतो, तुमी मैदान मोकळं घ्या. मीच म्हणलं, आसू द्या."

"पण का?" हे मी विचारलं. मला राहवलं नाही.

"स्पर्धा कधी असायच्या? ऐन सुगीत. ह्याच्या बानं सुगीत सोडला आसता का ह्याला? कुणाच्याच बानं सोडला नसता. पहिल्या वर्षी दोनच पोरं यायची मैदानावर. ज्याचं धान्य पडलं हुतं त्याचा पोरगा आणि एक वाण्याचा." सरांनी शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. "तवा मीच घरोघर गेल्तो. म्हणलं, तुमची बाजरी आणा कॉलेजवर. फरशी पक्की हाय, ऊन लागतंय, ट्रॅक्टर दारापतुर येतोय. आन राखायला तुमचंच पोरगं हाय तिथं, दुसरा माणूस कशाला? स्पर्धेला गेलं तर त्या दिवशी शिपाई बशिवतो."

"म्हणजे ते सगळं धान्य..."

"मी गोळा केलं. धान्य वाळतंय तवर पोरगं माझं."

कप्तान हळूच म्हणाला, "बा सांगायचा, बाजरीपाशी बस, हलू नको."

"आन तू हलत हुतास," सर म्हणाले, आणि दोघं हसायला लागले. कप्तान जरा जास्तच वेळ हसला आणि मग उपरण्याने तोंड पुसत बसला. सर माझ्याकडे वळले. "चांगला कोच आसता तर त्यानं मैदान घेतलं आसतं. तू तो शब्द लिहू नको. कुणी वाचलं तर हसंल."

परतताना कप्तानाने गाडीत एकदाही तो विषय काढला नाही. मला वाटलं, मोकळा झालो. पण घरी कागद पुढे घेतल्यावर शब्द काही केल्या जुळेनात. गुणांचे आकडे माझ्याच बाजूचे होते, आजही आहेत. त्यांतला एकही मला बदलायचा नव्हता. अडचण एवढीच होती की त्या आकड्यांत पोरं किती आली, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिणारा मी होतो.

सत्कार मैदानावरच झाला. कॉलेजने आता शेजारी छप्पर घातलेलं नवं मैदान बांधलं आहे, तरी जुन्यावर रस्त्याकडच्या अर्ध्यात यंदाही मका पडलेला होता, म्हणून खुर्च्या उरलेल्या अर्ध्यातच मांडाव्या लागल्या. मी मानपत्र वाचलं. त्यात आधारवड नव्हता, अव्वलही नव्हता. सरांचं नाव, गाव, नोकरीची वर्षं आणि खाली एकच वाक्य होतं: सरांमुळे आम्ही सुगीत खेळलो. खुर्च्यांवर जी तरुण पोरं होती त्यांना ते कळलं नाही, एकाने शेजारच्याला विचारलं, "एवढंच?" पण मागच्या ओळीत काही म्हातारी माणसं बसली होती, आमच्या संघातल्या पोरांचे बाप. त्यांतला एक जण मोठ्याने म्हणाला, "व्हय." कप्तानाने पुढे येऊन सरांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि वाकताना मंडपाच्या तोरणात अडकलाच.

जेवणं उरकली, खुर्च्या उचलल्या गेल्या आणि मी सरांना शोधू लागलो, तर ते मक्यात होते. पांढरे बूट रेषेच्या अलीकडे नीट जोडून ठेवलेले आणि स्वेटर घातलेला तो म्हातारा माणूस पाय ओढत दाणे खालीवर करत निघालेला. फार हळू चालत होते. कोणाचा मका आहे, हे त्यांनाही माहीत नव्हतं. मीही बूट काढले. इतक्या वर्षांत त्या रेषेपलीकडे मी कधी गेलो नव्हतो. माझं काम बाकावर होतं. दाणे उन्हाने अजून कोमट होते. सरांनी मागे वळून पाहिलं.

"पाय उचलू नको," ते म्हणाले. "घसटत ये."