घोंगड्याचा वास

बारामती-इंदापूर एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारे मेंढपाळ बसले होते. हातातली रिकामी दोरी बोटाला गुंडाळायची आणि सोडायची, एवढंच चाललेलं. कॉलेजात शिकवायला नेलेलं विषाणूचं चित्र माझ्या मांडीवर होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"ह्याच्या अंगावर लोकर हाय का?"

"साखर आहे, आबा. आपल्याच पेशी ती त्याच्या प्रथिनाला चिकटवतात. तिच्यामुळं प्रथिनाची घडी नीट बसते, आणि ती पांघरून आला की शरीराच्या राखणदारांना तो घरचाच वाटतो."

दोरी थांबली. "म्हंजे राखणदाराची चूक न्हाय?"

"नाही."

त्यांनी हातातल्या दोरीकडं पाहिलं.

"चोर माझंच घोंगडं पांघरून मेंढरांत शिरला. जाताना बांधावर टाकून गेला. कुत्रं भुकलंच न्हाय. फितूर म्हणून आत्ताच त्याला बारामतीपल्याड सुप्याच्या पाव्हण्याकडं सोडून आलो."

 

त्यांचं तिकीट कळसचं होतं, पण त्यांनी अलीकडंच गाडी थांबवायला लावली. खिडकीतून पाहिलं, तर ते रस्ता ओलांडून, दोरी मुठीत धरून, बारामतीच्या गाडीची वाट बघत उभे होते.