पाणीवालीचा एक्झॉस्ट ब्रेक

तिला सगळे पाणीवाली म्हणत. डोंगरावर एका झऱ्याशेजारी पत्र्याची शेड होती. तिथे पाण्याचे मोठे जार भरले जात आणि ती ते आपल्या डिझेल पिकअपमधून खालच्या शहरात दुकानं, कचेऱ्या आणि दवाखान्यांत पोचवायची. वर जाताना रिकामे जार, खाली येताना भरलेले. चढाला गाडी हलकी आणि उताराला जड. या धंद्यातली खरी गोम तेवढीच होती.

आधी ही गाडी तिचा नवरा चालवायचा. मधुमेहाने त्याचे डोळे अधू होत गेले. चष्म्याचा नंबर वाढत राहिला आणि शेवटी चष्म्याचाही उपयोग उरला नाही. गाडी विकायची बोलणी सुरू झाली तेव्हा पाणीवाली म्हणाली, "मी शिकते." तोवर ती फक्त शेजारी बसून जायची, जार उतरवायची. नवऱ्याने तिला शेडमागच्या मोकळ्या जागेत शिकवलं. त्याला नीट दिसत नसे, पण कान तिखट होते. तिचा गिअर चुकून खरखरला की तो गाल धरायचा, जणू त्याच्याच दाढा घासल्या गेल्या.

ती काही धीट बाई नव्हती. पाल दिसली की खोली पालीला देऊन टाकणारी. पण तो रस्ता तिने शेजारच्या सीटवरून इतकी वर्षं पाहिला होता की त्याचं तिला भय नव्हतं. खरं सांगायचं तर तिथे भ्यायचं असतं, हेच तिला माहीत नव्हतं.

एके सकाळी शेडवाला म्हणाला, "आज दवाखान्याची मागणी मोठी आहे. एक थर वाढवतो." तिने हो म्हटलं. हौद्याची मागची फळी कशीबशी लागली.

अर्ध्या उतारावर तिला जळका वास आला. पुढे एक ट्रक होता, त्याचाच असेल असं तिला वाटलं. ट्रक एका फाट्याला वळला तरी वास गेला नाही. पुढच्या वळणाआधी तिने ब्रेक दाबला आणि पेडल खाली गेलं. अडलं नाही, खालीच गेलं. ओल्या गादीत पाय रुतावा तसं. तिने पुन्हा दाबलं. तेच. 

गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. दुसरा टाकायला हवा, हे तिला कळत होतं. हँडब्रेक ओढायला हवा, हेही कळत होतं. पण डावा हात स्टिअरिंगवरून सुटेना. बोटांना ती सांगत होती आणि बोटं ऐकत नव्हती. मागे जार एकमेकांवर आपटायला लागले. वळण तिने कसं घेतलं ते तिला आठवत नाही. उजवीकडे दरीचा कठडा खिडकीला लागून सरकला एवढं आठवतं. त्यानंतर रस्ता सरळ होता आणि पुढचं वळण त्याहून वाईट. मध्ये, डोंगराच्या अंगाला, रस्त्याच्या कामासाठी कुणी तरी खडीचा ढीग टाकून ठेवला होता. ती त्यात घुसली.

मोठा आवाज झाला आणि मग सगळं गप्प. फुटलेल्या जारांचं पाणी हौद्यातून खाली गळत होतं. चाकांच्या तापलेल्या ब्रेक-ड्रमवर थेंब पडले की चर्र वाजत होतं. ती बाहेर पडली, रस्त्यावर बसली आणि तिने नवऱ्याला फोन लावला.

"अहो, ब्रेक लागला नाही."

"तू कशी आहेस?"

"बसलेय."

"बसून राहा. कुणाला तरी घेऊन येतो." गाडीबद्दल त्याने काहीच विचारलं नाही. गाडीवर जीव असलेला माणूस तो. त्यामुळे ती जास्तच घाबरली.

हाडं शाबूत होती. पण भीती तिच्याबरोबर घरी आली आणि जायचं नाव न काढणाऱ्या पाहुण्यासारखी राहिली. ओट्याशी उभी असताना तिचा उजवा पाय आपोआप फरशी दाबायचा. जिना उतरताना ती कठड्याला धरून एकेक पायरी घ्यायची. बाजारात मागून हातगाडी आली तरी तिच्या तळहाताला घाम फुटायचा.

"गाडी काढून टाकू," नवरा म्हणाला.

"आणि खायचं काय? नंबरप्लेट?"

"तू रोज अशी थरथरत जाणार असशील तर उपाशी राहिलेलं बरं."

"उपाशी राहिल्यावरही माणूस थरथरतोच," ती म्हणाली. दोघांनाही हसू आलं, पण ते टिकलं नाही.

गाडी मिस्त्रीच्या गॅरेजात होती. मिस्त्री नवऱ्याचा जुना दोस्त, जाडजूड, हळू बोलणारा. त्याने काढलेला ड्रम दाखवला. तापून लोखंडावर निळसर झाक आली होती. "लायनर जळलेत, ब्रेक ऑइल उकळलंय. वहिनी, तुम्ही काही चुकीचं दाबलं नाहीत. पायाच्या ब्रेकवर एवढं वजन एवढ्या लांब उतारावर आणलं तर कुणाचाही गेला असता."

"मग दुसरं काय करायचं असतं?"

"खालचा गिअर. आणि एक्झॉस्ट ब्रेक." त्याने जमिनीवर खडूने पाइप काढला. "सायलेन्सरच्या पाइपात एक झडप बसवायची. ती मिटली की इंजिनाचा धूर अडतो. इंजिन घुसमटतं आणि चाकांना मागे ओढतं. पायाचा ब्रेक थंड राहतो, खऱ्या गरजेपुरता."

त्याच्याकडे एक झडप पडलेली होती, भंगारात निघालेल्या मोठ्या ट्रकची. नवऱ्याने ती हातात घेऊन चाचपली. "हीच बसव. मोठी आहे, दम असेल."

"दम आहे, पण आपल्या इंजिनाचा दम काढेल," मिस्त्री म्हणाला. "याचं माप वेगळं. धूर हवा त्यापेक्षा जास्त कोंडला तर इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा हार खातात. आपल्या इंजिनाच्या मापाची घ्यायची. तिच्या झाकणाला बारीक भोक असतं, जास्तीचा दाब तिथून सुटतो."

मापाच्या झडपेतही दोन तऱ्हा होत्या. एक हाताने ओढायची, केबलवर चालणारी. साधी, बिघडायला काही नाही. दुसरी विजेवर चालणारी. तिचं बटण चालू असलं की रेसवरून पाय उचलताच ती आपोआप मिटते आणि क्लच दाबला की उघडते. नवऱ्याने केबलवाली उचलली; त्याचा कल तिकडे होता. "तारा आल्या की भानगडी आल्या. हातात असलेली वस्तू बरी."

पाणीवाली आपल्या डाव्या हाताकडे बघत होती. मग म्हणाली, "त्या दिवशी माझा हात उठला नव्हता. उद्याही नाही उठला तर?"

 नवऱ्याने केबलवाली झडप खाली ठेवली. "विजेवरचीच बसव," तो म्हणाला.

मिस्त्रीने आधी पायाचे ब्रेक पूर्ण नवे केले. त्याशिवाय दुसऱ्याला हात लावणार नाही, असं त्याने बजावलं. मग गाडी वर उचलून तो खाली शिरला. इंजिनाला लागून असलेल्या टर्बोच्या मागचा पाइप कापायला लागला तेव्हा ठिणग्या उडाल्या आणि पाणीवाली दारापर्यंत मागे सरली. चांगली चालती गाडी मुद्दाम कापून घेतोय, असं तिच्या मनात आलं. गंजलेला एक बोल्ट तुटला, तो काढण्यात दुपार गेली. झडपेच्या दोन्ही बाजूंना चकत्या वेल्ड झाल्या, गॅस्केट बसली, तारा पेडलांपर्यंत आल्या. एक तार त्याने मागच्या दिव्यांना जोडली. "तुम्ही पेडल न दाबता गाडी मंद होणार. मागच्याला कळायला नको?"

मग गाडी चालू करून त्याने रेस दिली आणि पाय उचलला. इंजिनातून खोल, घशातला गुरगुराट आला. पाणीवालीने कानांवर हात ठेवले. नवरा मात्र कान देऊन ऐकत होता. "धूर कुठे गळत नाही," तो म्हणाला.

पहिल्या फेरीला मिस्त्री स्वतः शेजारी बसला. शेडवरून अर्धेच जार घेतले. उतार सुरू व्हायच्या आधी त्याने तिला थांबवून सांगितलं, "तीन गोष्टी. वरूनच दुसरा गिअर. हा ब्रेक गाडी थांबवत नाही, फक्त आवरतो; थांबायला पायच. आणि रस्ता ओला असेल तर बटण बंद. हा फक्त मागच्या चाकांना धरतो, ओल्यावर मागचं अंग सरकेल. चुकून सरकलंच तर रेसला हलकासा पाय लावायचा. झडप उघडते, चाकं मोकळी होतात."

"उतारावर रेस द्यायची?"

"नुसता स्पर्श."

ती उतरली. पाय उचलला की गुरगुराट व्हायचा आणि कुणी तरी मागून पदर धरावा तशी गाडी अडायची. तरी प्रत्येक वळणाआधी तिचा पाय ब्रेकवर जाऊन टेकत होता. एकदा तिने बाजूला पाहिलं तर मिस्त्रीचे दोन्ही पाय समोरच्या पत्र्यावर घट्ट रोवलेले आणि हात वरच्या कडीला.

"तुम्हालाही भीती वाटते?"

"मी गाड्या दुरुस्त करतो, वहिनी. त्यांच्यातून दरीकडे बघणं माझं काम नाही."

खाली पोचल्यावर त्याने चाकाजवळ हात नेला. ड्रम जेमतेम कोमट होता. तिने ते स्वतः हात लावून पाहिलं, तेव्हा कुठे तिला नीट श्वास आला.

त्यानंतर ती एकटी जायला लागली. भीती होतीच, पण तिला काम करू देत होती.

मग एका सकाळी डोंगरावर धुकं उतरलं. शेडजवळचा रस्ता कोरडा दिसत होता, म्हणून बटण चालूच राहिलं. त्या दिवशी मागणी थोडी होती. हौद्यात एकच थर, मागचं अंग हलकं. कठडा जिथे तिच्या खिडकीला लागून सरकला होता, त्याच वळणावर धुक्याने डांबर चकचकीत ओलं झालं होतं. तिने पाय उचलला. गुरगुराट झाला आणि मागची चाकं धरली गेली. गाडीचं मागचं अंग हळूच, अगदी न सांगता, दरीकडे निघालं.

 काचेतून रस्त्याऐवजी डोंगराची भिंत दिसायला लागली, म्हणजे मागे काय होतं ते उघड होतं. अख्खं शरीर सांगत होतं, ब्रेक दाब. पाय ब्रेककडे निघालाही. आणि मध्येच तिला मिस्त्रीचा शब्द आठवला. रेस. उतारावर, दरी मागे असताना, रेस. यापेक्षा वेडं काही तिने आयुष्यात केलं नव्हतं. तिने पाय तिकडे नेला आणि पेडलला नुसता टेकवला.

गुरगुराट थांबला. चाकं फिरायला लागली, गाडीचं मागचं अंग सावरलं आणि नाक पुन्हा रस्त्यावर आलं. वेग थोडा वाढला. आता पाय उचलला तर झडप पुन्हा मिटणार होती. तिने डाव्या हाताकडे पाहिलं. हात उठला, बटणापर्यंत गेला आणि बटण बंद झालं. मग तिने पायाचा ब्रेक हलके हलके दाबत गाडी वळणाबाहेर आणली, डोंगराच्या कडेला उभी केली, दार उघडलं आणि सकाळचा चहा सगळा ओकून टाकला. बराच वेळ ती चाकाला पाठ लावून बसली होती.  धुकं इतकं होतं की तिला दरी दिसत नव्हती, आणि न दिसणारी दरी दिसणाऱ्या दरीपेक्षा वाईट होती.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा नवऱ्याने जेवण थांबवलं. दुसऱ्या दिवशी तो तिच्याआधी तयार होऊन दारात उभा होता.

"तुम्ही कुठे?"

"तुझ्याबरोबर."

"तुम्हाला दिसणार काय?"

"तेच तर."

परतताना भरलेली गाडी उताराला लागली. रस्ता कोरडा होता, तिने बटण चालू केलं. पहिल्याच गुरगुराटाला नवऱ्याने कडी धरली. दुसऱ्या वळणाला त्याचा चेहरा पांढरा पडला. ज्याने याच रस्त्यावर वीस वर्षं शीळ घालत गाडी उतरवली, तो माणूस मान छातीत घालून बसला होता.

"कुठे आलो?" त्याने विचारलं.

"खडीच्या ढिगाच्या वरच्या वळणावर."

"मला भीती वाटतेय गं."

"मलाही," ती म्हणाली.

"मग गप्प बसू नकोस. काय दिसतंय ते सांगत राहा."

तिने सांगायला सुरुवात केली. समोर डावं वळण आहे, उतार मध्यम. रस्ता कोरडा आहे. खालून एक बस येतेय, मी कडेला घेते. आता पाय उचलते, आवाज होईल. तिचा आवाज आधी कापत होता, मग कमी कापायला लागला. तो प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत होता. त्याच्या "हं"वरून तिला कळत होतं, गिअर बरोबर आहे.

त्यानंतर तो रोज येतो. शेडवाल्याने एकदा पुन्हा थर वाढवायचं काढलं, तर ती नाही म्हणाली आणि तिने फळी स्वतः लावून घेतली. भीती गेली का, असं तिला कुणी विचारलं, तर ती सांगते, नाही. उतार लागला की ती आजही येतेच. मग ती बोलायला लागते, आणि शहराचं पहिलं घर दिसेपर्यंत थांबत नाही.