मॅटवर खणायचं काय?

माझी पुतणी सानिका कुस्ती खेळते. परवा तिची निवड चाचणी आहे आणि आठवडाभर मांडीचा मागचा स्नायू आखडलाय. म्हणून आज सकाळी तिच्यासोबत कळंब्याजवळच्या तालमीत गेलो होतो.

गेल्या गेल्या ती फरशीवर बसली आणि मोबाइलमधला व्हिडिओ बघत पायाचे अंगठे धरायला वाकली. बोटं घोट्यापर्यंतच पोचली. तालमीचे वस्ताद लांबून बघत होते.

"गार अंगानं वाकतीस व्हय? मग आखडंल न्हायतर काय हुईल? ऊठ, खोरं घे. हौदा उकर."

कुस्तीला आलोय की शेतात भांगलायला, असा तिचा चेहरा झाला. तरी वीसेक मिनिटं तिनं हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली लाल माती खालीवर केली. घाम आल्यावर वस्तादांनी पाय मागं-पुढं झुलवायला लावले. मग म्हणाले, "आता वाक."

बोटं अंगठ्याला लागली.

"जास्त येळ ताणून धरायचं ते कुस्ती झाल्यावर," वस्ताद म्हणाले.

मी विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाय. माती उकरल्याबिगर कुस्ती हुत न्हाय, म्हणून उकरतोय. अंग मोकळं हुतंय ते फुकटात."

"पण परवा मॅट हाय की," सानिका म्हणाली. "तिथं काय खणू?"

वस्ताद म्हणाले, "ते मला बी ठावं न्हाय, पोरी. मी मॅटवर कधी खेळलोच न्हाय."

मॅटवर खेळणाऱ्यांनो, खोऱ्याऐवजी तुम्ही काय करता? परवा सकाळच्या आत सांगा.